अंगणवाडी वेगळी, पाळणाघर वेगळं

तापीकाठच्या आमच्या गावात मागच्या ग्रामसभेत एक वहिनी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कापूस वेचणीच्या दिवसांत लहान लेकरांना ठेवायची काहीतरी सोय करा. मागून लगेच आवाज आला, "अंगनवाडी शे ना गावमा, मंग आनखी पायनाघर कसाले?" दोन-चार जणांनी माना डोलावल्या, आणि विषय गटारीवर गेला. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन्हीकडे लहान मुलं, दोन्हीकडे एक ताई, दोन्हीकडे खाऊ. एकच वस्तू वाटणं साहजिक आहे. पण या एका गैरसमजापायी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी गावांत पाळणाघराचा विषय गावाच्या विकास आराखड्याच्या कागदापर्यंत पोचतच नाही.

अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची. तिचा सगळा रोख मुलाच्या अंगावर आणि मेंदूवर आहे: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, वजन-उंचीची नोंद, गरोदर आणि स्तनदा मातांची काळजी, आणि ३ ते ६ वर्षांच्या मुलांना गाणी-गोष्टींतून शिकवणं. नीट बघा, तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत दिवसभर बसतच नाही. त्याचं वजन होतं, लस होते, आणि त्याच्या वाट्याचा आहार पाकिटातून घरी जातो. मोठी मुलं येतात तीही साधारण चार तासांसाठी.

पाळणाघराचा हिशेब आईच्या घड्याळावर चालतो. आई कामावर गेल्यापासून परत येईपर्यंत मूल सुरक्षित हातात असलं पाहिजे. त्यात झोप आली, दूध गरम करणं आलं, लंगोट बदलणं आलं, रडणाऱ्याला कडेवर घेणं आलं. केंद्राच्या पाळणाघर योजनेत वय ६ महिन्यांपासून ६ वर्षांपर्यंत आहे, महिन्याचे २६ दिवस, रोजचे साडेसात तास, आणि एका पाळणाघरात २५ मुलं. अंगणवाडी जे वय घरी पाठवते, नेमकं तेच वय पाळणाघर सांभाळायला घेतं.

हा फरक शेतात गेल्यावर डोळ्यांनी दिसतो. वेचणी सकाळी लवकर सुरू होते, दव असतं तेव्हाच. मजुरी किलोवर असते, म्हणून बाई मध्ये उठत नाही. बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली, आत दहा महिन्यांचं पोर, आणि झोळीची दोरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हातात. ती बहीण त्या दिवशी शाळेत नसते. दुपारी झोळीवर ऊन आलं की ती दोरी सोडून ओढणीने सावली धरते. शेजारच्या वावरात फवारणी चालू असली तर तो वासही झोळीपर्यंत येतो. गावात अंगणवाडी त्या वेळी उघडीच असते आणि तिथे काम चोख चालू असतं. पण आई, बहीण आणि झोळीतलं पोर या तिघांपैकी कोणाच्याही अडचणीवर ते उत्तर नाही.

नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर गेलात तर चित्र आणखी कठीण. देठ खुडणाऱ्या बायकांच्या शेजारी पोतं अंथरून बसवलेलं मूल दिवसभर डोळे चोळत असतं. जळगावच्या डाळमिल आणि चटईच्या कारखान्यांची गोष्ट थोडी निराळी. ५० किंवा जास्त माणसं कामाला असली तर पाळणाघराची सोय करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र लहान युनिटमध्ये माणसंच तेवढी नसतात. तिथे महापालिकेच्या महिला व बालकल्याण समितीकडेच मागणी न्यावी लागते.

आता पैशाकडे येतो, कारण खरी गल्लत तिथेच होते.

अंगणवाडीचा पैसा वरून येतो. मानधन असो की आहार, खर्च केंद्र आणि राज्य वाटून उचलतात, आणि कारभार बालविकास प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग या साखळीतून चालतो. ग्रामपंचायतीच्या हातात फार तर खोली, पाणी, वीज, संडास. म्हणून सरपंचाला मनापासून वाटतं की मुलांचं खातं आपलं नाहीच.

पाळणाघरासाठीही केंद्राची योजना आहे. २००६ पासून ती राजीव गांधी यांच्या नावाने होती, २०१७ ला राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, आणि २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा' नावाने आहे. खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, आणि घोटाळा इथेच वाढतो. छप्पर एक असलं तरी पाळणाघरासाठी वेगळी सेविका आणि वेगळी मदतनीस धरलेली आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. "ताई आहेतच, त्यांनाच संध्याकाळपर्यंत बसवा" हा सल्ला सभेत हमखास येतो. त्या ताईंच्या डोक्यावर आधीच पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवरच्या नोंदी, नोंदवह्या, गृहभेटी, सर्वेक्षणं आहेत. त्यांच्यावर आणखी पाच तास टाकले तर अंगणवाडीही बिघडेल आणि पाळणाघरही नीट चालणार नाही.

पण योजनेत गावाचा नंबर लागेपर्यंत काय? ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. बहुतेक ठिकाणी ती शिलाई प्रशिक्षणावर किंवा अंगणवाडीच्या खुर्च्यांवर जाते. समजा घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे धरून गावाचं स्वउत्पन्न वर्षाला ६ लाख आहे. म्हणजे ६० हजार. बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला ५ हजार, त्यात एका बाईचंही मानधन निघत नाही. इथे ग्रामसेवक वही मिटतो. पण आपल्याकडे वेचणीचा जोर साधारण ऑक्टोबर ते जानेवारी असतो. तेच ६० हजार चार महिन्यांवर टाका, महिन्याला १५ हजार येतात. गावातल्याच दोन बायका त्यात काम करू शकतात. खान्देशात बाईचं काम हंगामाने चालतं, तर पाळणाघराचं नियोजनही हंगामाने का नको? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बारमाही काम असतं, तिथे हा हिशेब बसणार नाही. तिथे योजनेचाच पाठपुरावा करायला हवा.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. त्यातला अबंधित भाग गावाच्या स्थानिक गरजेसाठी असला तरी त्यातून पगार-मानधन देता येत नाही. खोलीची दुरुस्ती, हातपंपाजवळची फरशी, कुंपण हे तिथून मागा, आणि मानधन स्वउत्पन्नातून. जिल्हा वार्षिक योजनेतही महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखीव असतो. तिथला रस्ता लांबचा आहे, पण पंचायत समितीच्या सदस्यांना तो ठाऊक असतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं दुपारचं गरम जेवण अंगणवाडीतून मिळतंच, म्हणून पाळणाघर तिच्याच आवारात असलं तर तेवढा खर्च वाचतो. दोन्हींची खरी सांगड इथे बसते.

धडगाव-अक्कलकुव्याकडची जी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना गावातलं पाळणाघर उपयोगाचं नाही. त्यांची सोय तोडीच्या तळावरच व्हायला हवी, आणि तो दोन राज्यांमधला प्रश्न आहे.

वेळेचंही भान ठेवा. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घ्यायला लागतो आणि पैसा एप्रिलनंतर येतो. वेचणी सुरू झाल्यावर मागणी केली तर ती पुढच्या वेचणीसाठी असते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथेच विषय मांडा. सोबत यादी न्या: सहा वर्षांखालची मुलं किती, त्यातली तीन वर्षांखालची किती, कोणाची आई कोणत्या महिन्यात कामाला जाते. आमच्या वहिनींकडे ही यादी नव्हती. या वेळी त्या आणि आणखी तिघीजणी घरोघर फिरून ती करताहेत.

आणि ठराव लिहिला जात असताना वहीकडे लक्ष ठेवा. 'अंगणवाडी सुविधा वाढवणे' असं लिहिलं गेलं तर पैसा रंगरंगोटीला जाईल. शब्द असे हवेत: 'ऑक्टोबर ते जानेवारी, सकाळी ७ ते संध्याकाळी ६, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघर, दोन स्वतंत्र मानधनी महिलांसह.'