लॅरन सिंड्रोम: केंद्राच्या मदतीसाठी अर्ज करताना फाइल कुठे अडते

लॅरन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्यामुळे आयजीएफ-१ हे उंची वाढवणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, उंची खुंटते आणि लहानपणी साखर एकाएकी उतरते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत हा आजार आहे. सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रामार्फत, म्हणजे ठरावीक मोठ्या रुग्णालयांमार्फत, उपचाराला कमाल ५० लाख रुपयांची मदत मिळू शकते. मुंबईत केईएम रुग्णालय हे असं केंद्र आहे. पैसे त्या रुग्णालयाकडे जातात, पालकांच्या खात्यात येत नाहीत.

फाइल बहुतेकदा एका शब्दापायी परत येते. त्याच यादीत ‘ग्रोथ हार्मोनची कमतरता’ही आहे. तिच्यावर ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं देतात. लॅरनच्या मुलाला त्यांचा उपयोग नसतो, त्याला मेकासर्मिन म्हणजे थेट आयजीएफ-१ च द्यावं लागतं. मागे एका आईची फाइल चाळत होते. जनुकीय अहवालात दोष स्पष्ट लिहिलेला, पण गावच्या डॉक्टरांनी पहिल्या चिठ्ठीवर लिहिलेलं ‘जीएचडी?’ (म्हणजे ग्रोथ हार्मोनची कमतरता?) पुढच्या प्रत्येक कागदावर उतरलं होतं, फक्त प्रश्नचिन्ह गळून. कुणी एकानेही तो अहवाल उघडून बघितला नव्हता. तेव्हा अर्ज देण्याआधी सगळ्या कागदांवर आजाराचं नाव एकच आहे का ते बघाच. नसेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (संप्रेरकांच्या डॉक्टरांकडून) नव्या तारखेचं, सही-शिक्क्याचं पत्र घ्या.

आधार, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा हे नेहमीचंच.

मनगटाचा एक्स-रे मात्र टाळू नका. ‘अठरा वर्षांपर्यंत वेळ आहे’ असं पालक धरून चालतात. हाडांची वाढणारी टोकं बंद झाली की या औषधाने उंची वाढत नाही, आणि ती कधी बंद होतील ते वयावरून नाही, एक्स-रेवरून कळतं.

औषध स्वतः परदेशातून मागवणार असाल तर नमुना १२-अ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांकडे अर्ज करायचा, परवाना १२-ब मध्ये मिळतो. साधारण मर्यादा १०० मात्रांची. दिवसाला दोन इंजेक्शनं, म्हणजे पन्नास दिवसांत साठा संपला! जास्त साठ्याची गरज सांगणारं डॉक्टरांचं पत्र पहिल्याच अर्जाला जोडा. १ एप्रिल २०२३ पासून यादीतल्या आजारांच्या औषधांना वैयक्तिक वापरासाठी मूळ सीमाशुल्क माफ आहे, पण त्याला आरोग्य संचालकांचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. ‘असं काही नसतं’ हे उत्तर खिडकीवर ऐकावं लागेल. अधिसूचनेची प्रत जवळ ठेवा आणि पुढे करा. प्रमाणपत्र पार्सल निघण्याआधी हातात हवं, कारण औषध २ ते ८ अंशांत राहावं लागतं आणि विमानतळावर अडकलं तर खराब होतं.

केंद्रात जाताना मुलाचा डबा सोबत घ्या. रांगेत दुपार उलटते, आणि या मुलांना उपाशी ठेवून चालत नाही.