लहान लाल ठिपके (आद्य विश्वातील संहत लाल दीर्घिका)

आद्य विश्वातील अतिशय लहान, तेजस्वी व लाल दिसणाऱ्या खस्थ पदार्थांचा वर्ग. यांतील बहुतेक पदार्थ ४ ते ८ या ताम्रसृतींच्या (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली याचे माप; आकडा मोठा तितका काळ जुना) दरम्यान, म्हणजे महास्फोटानंतर सुमारे ६५ कोटी ते १५० कोटी वर्षांच्या काळात आढळतात. पुढे त्यांची संख्या झपाट्याने घटते. हबल दुर्बिणीची दृष्टी १.६ मायक्रोमीटरच्या आसपास संपते आणि यांचा बहुतांश प्रकाश त्यापलीकडचा असल्याने, डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीपूर्वी त्यांचा वर्ग म्हणून बोध झाला नव्हता. यॉरित माटे व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने (२०२४) रूढ केलेले हे नाव निव्वळ वर्णनपर आहे. ते सोयीचेही आहे, कारण यांना दीर्घिका म्हणावे की नाही हाच मूळ वाद आहे. निवडीचे निकष अभ्यासकांगणिक बदलतात, त्यामुळे निरनिराळ्या याद्यांतील संख्यांची थेट तुलना करू नये.

यांचा वर्णपट इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो : जंबुपार बाजूला निळा, दृश्य बाजूला लाल, आणि वळण बहुधा ३,६४६ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = मीटरचा एक हजार कोटीवा भाग) या हायड्रोजनच्या बामर मर्यादेपाशी (हिचे कारण पुढे दिले आहे). अनेकांमध्ये हायड्रोजनच्या उत्सर्जन रेषा रुंद असून त्यांवरून वायूचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर निघतो.

लाल रंगाच्या उगमाविषयी तीन मते आहेत. इव्हो लाबे व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये असे काही पदार्थ सूर्याच्या १,००० कोटी पटींहून अधिक वस्तुमानाच्या, जुन्या ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिका असाव्यात असे सुचविले. इतक्या लवकर एवढे तारे घडणे प्रचलित विश्वरचनाशास्त्रात बसविणे अवघड होते. पुढे त्यांपैकी एकाची ताम्रसृती वर्णपटावरून ८ च्या आसपास नसून ५.६ असल्याचे दिसले आणि त्यात रुंद रेषाही मिळाली. दुसऱ्या मतानुसार हे धुळीने झाकलेले, कृष्णविवरावर चालणारे सक्रिय केंद्रक (कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यामुळे तेजाळलेला दीर्घिकेचा मध्यभाग) होय. परंतु त्यापासून अपेक्षित असलेले क्ष-किरण चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण वेधशाळेला बहुतेकांमध्ये आढळले नाहीत, तापलेल्या धुळीचे अवरक्त प्रारणही अपुरे पडते आणि तेजातील चढउतारही फारसे दिसत नाहीत.

तिसरे मत या अडचणींना अधिक समाधानकारक उत्तर देते. त्यानुसार कृष्णविवराभोवती अतिशय घन वायूचे आवरण असते. हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉन दुसऱ्या ऊर्जापातळीवर असेल, तर ३,६४६ अँगस्ट्रॉमहून कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून तो अणूबाहेर पडू शकतो. विरळ वायूत असे अणू जवळपास नसतात. घन वायूत मात्र टकरींमुळे ते पुरेसे निर्माण होतात आणि नेमक्या त्या तरंगलांबीवर प्रकाश एकदम तुटतो. आना दे ग्राफ व सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये वर्णिलेल्या ‘द क्लिफ’ (कडा) या ३.५५ ताम्रसृतीच्या पदार्थात ही तूट इतकी तीव्र आहे की ती कोणत्याही तारकासमुदायाने साधत नाही. रोहन नायडू व सहकाऱ्यांनी ७.७६ ताम्रसृतीच्या एका पदार्थासाठी असेच स्पष्टीकरण देऊन ‘कृष्णविवर तारा’ ही संज्ञा वापरली. हे आवरण क्ष-किरणही गिळू शकते.

कृष्णविवरांच्या वस्तुमानाबाबत मतभेद कायम आहेत. रेषांची रुंदी केवळ वायूच्या परिभ्रमणामुळे असल्याचे मानले, तर वस्तुमान सामान्यतः सूर्याच्या कोट्यवधी पट निघते. दाट वायूतील इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरल्यानेही रेषा रुंदावत असतील, तर ते दहा ते शंभर पटींनी कमी होते. येथे आबेल २७४४ या दीर्घिकासमूहामागील पदार्थ विशेष मोलाचा ठरतो. समूहाच्या गुरुत्वीय भिंगामुळे (त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकल्यामुळे) त्याच्या तीन प्रतिमा दिसतात. त्याची ताम्रसृती ७.०४५ असल्याने बामर मर्यादेचे वळण आपल्याला सुमारे २.९ मायक्रोमीटरवर मिळते. भिंगाने वाढविलेल्या प्रतिमेतही तो ठिपकाच राहतो, यावरून त्याची त्रिज्या शंभर-सव्वाशे प्रकाशवर्षांहून कमी असावी. रेषेच्या रुंदीवरून त्यातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४ कोटी पट निघाले होते. २०२५ मध्ये भोवतीच्या वायूच्या गतीवरून केलेल्या थेट मोजणीत ते सुमारे ५ कोटी पट आले. निदान या एका पदार्थापुरता मोठ्या वस्तुमानाचा पक्ष त्यामुळे बळकट झाला आहे.

जवळच्या विश्वात, ०.१ ते ०.२ ताम्रसृतीवर, याच धाटणीचे मोजकेच पदार्थ ओळखले गेले आहेत.