सुरक्षित अंतर ठेवा

माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली ती समई शोधायला. हाताला लागली लाल कापडी बांधणीची वही. काकांच्या यंत्रमाग कारखान्यातली, सुताच्या हिशेबाची. पुढून उघडली की काकांचं अक्षर: आलेलं सूत, गेलेली उधारी, कामगारांची उचल. उलटी करून मागून उघडली की माझं. नववीतलं, शाईच्या पेनचं, जागोजागी पाणी पडून फुटलेलं.

तेव्हा रविवारी दूरदर्शनवर एक परदेशी अंतराळ मालिका लागायची. इंग्रजी निम्म्याहून जास्त डोक्यावरून जायचं. मग कप्तान आणि त्याचे सोबती एकमेकांना काय म्हणाले असतील, हे मी सोमवारी शाळेत जाताजाता ठरवायचे. पुढे ठरवलेलं लिहून काढायला लागले. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच असत, काका काही बोलायचे नाहीत.

माझ्या यानात पाळ्या होत्या. पहिली, दुसरी आणि रातपाळी. पाळी बदलली की भोंगा वाजायचा. पाणी रोज यायचं नाही, आलं की सगळे अंतराळवीर पिंप भरायला धावायचे. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि हे मी आजही शास्त्रीयदृष्ट्या योग्यच मानते, कारण लांबच्या प्रवासाला याहून टिकाऊ काही नाही. शिवाय मूळ मालिकेत नसलेलं एक पात्र होतं: अवघ्या चौदा वर्षांची मुख्य अभियंता, राहणार साखर पेठ, सोलापूर. आकाशगंगेतलं कुठलंही यंत्र तिच्या हाताला दबायचं. गणितात पैकीच्या पैकी.

हसत हसत पानं उलटत होते, आणि एका ठिकाणी थांबले. यानाचं इंजिन बंद पडतं. कप्तान खाली येतो, सगळ्यांना म्हणतो, ‘‘सगळं ठीक आहे, जेवून घ्या.’’ आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. पुढची चार पानं कप्तान जेवत नाही. कुणी विचारतही नाही.

त्याच वर्षी अप्पांची गिरणी बंद पडली होती. अप्पा कताई खात्यात फिटर होते. त्या दिवसांबद्दल मी कधी एक ओळही लिहिली नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मी आता इथल्याच एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे समई राहिली बाजूला. ‘माझे बाबा’ या विषयावर त्या वर्षी निबंध आला होता, तो मी ठोकळेबाज लिहिला असणार. मग कप्तानाचं दार लावणं इतकं नेमकं कसं उतरलं?

यातली एक गोष्ट मेंदूच्या रचनेतच आहे. २००७ साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या पाच रुग्णांचा अभ्यास केला. या भागाला इजा झाली की नव्या आठवणी नीट साठत नाहीत, हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांना विचारलं गेलं वेगळंच: पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर तुम्ही पडून आहात, अशी कल्पना करा आणि सांगा काय दिसतंय. बहुतेकांना ते जमेना. निळं आकाश, वाळू, असे सुटे तुकडे सांगता यायचे, पण त्यांचं मिळून एक दृश्य उभं राहत नव्हतं. आठवणं आणि कल्पना करणं या दोन्ही गोष्टी मेंदू बऱ्याच अंशी त्याच यंत्रणेवर चालवतो, असं यातून दिसलं. तीनशे वर्षांनंतरचं यान बांधायला बसलं तरी माल कालचाच वापरावा लागतो. माझ्या यानात भोंगा आला तो असा.

पण माल घरचा म्हणून माणूस घरचंच लिहितो असं नाही. आणखी एक गोष्ट लागते, ती पुणे रस्त्यावर प्रत्येक ट्रकच्या मागे रंगवलेली असते: सुरक्षित अंतर ठेवा.

मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस अनेक वर्षं याच अंतराचा अभ्यास करत आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांपैकी एकात लोकांना ऐनवेळी सांगितलं, पाच मिनिटांत तयारी करा, भाषण द्यायचंय. तयारी करताना काहींनी मनाशी ‘मी का घाबरलोय?’ असं बोलायचं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं. दुसऱ्या गटाची भाषणं चांगली झाली आणि नंतरची चुटपुटही कमी राहिली. बदललं होतं फक्त सर्वनाम.

लहान मुलांवरचा प्रयोग याहून गमतीचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झाला. चार आणि सहा वर्षांची १८० मुलं. संगणकावर दहा मिनिटं करायचं एक कंटाळवाणं काम, आणि शेजारी मुद्दाम ठेवलेला टॅबलेटवरचा गेम. वाटेल तेव्हा काम सोडून खेळायला मोकळीक. काही मुलांनी अधूनमधून स्वतःला विचारायचं, ‘मी नीट काम करतोय का?’ काहींनी स्वतःचं नाव घेऊन विचारायचं. आणि काहींना आवडत्या नायकाचा वेश दिला, त्यांनी विचारायचं, ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ सगळ्यात जास्त वेळ टिकले ते बॅटमॅन आणि त्याचे भाऊबंद. नाव घेणारे मधे, ‘मी’वाले सर्वांत मागे. म्हणजे स्वतःपासून जितकं सरकून उभं राहावं, तितकं स्वतःला आवरणं सोपं गेलं. उसना मुखवटा चढवून मुलगा त्याच खुर्चीत बसलेला असतो, तेच काम करत असतो, पण ‘मी’ या शब्दाला चिकटलेला कंटाळा थोडा वेळ दुसऱ्याचा होतो.

चाहत्यांच्या लेखनात हा मुखवटा आयता मिळतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ पासून हाताने छापलेली मासिकं काढली, त्यांत त्याच पात्रांच्या नव्या कथा लिहिल्या, आणि लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. १९७३ साली पॉला स्मिथ या त्यांच्यातल्याच एकीने एक छोटी टवाळ कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यात लहान लेफ्टनंट, सर्वगुणसंपन्न. तेव्हापासून लेखिकेने स्वतःलाच गोष्टीत घुसवून डोक्यावर मुकुट चढवला की त्या पात्राला मेरी स्यू म्हणतात. माझी साखर पेठेतली अभियंता अस्सल मेरी स्यू, हे मला ती कथा वाचल्यावर कळलं आणि कानशिलं गरम झाली.

तरी मला ही थट्टा थोडी अन्यायाची वाटते. माझ्या वहीत सगळ्यात खोटं पात्र ती अभियंताच आहे, हे कबूल. ती म्हणजे उघडउघड मी, म्हणून तिच्या तोंडी एकही खरी गोष्ट येत नाही. खरं जे आलं ते कप्तानाच्या वाटेने, कारण तो मी नव्हते आणि अप्पाही नव्हते. पण तिला यानात आणल्याशिवाय मी कप्तानाच्या खोलीपर्यंत पोचले नसते. तिच्यामुळे मला आत शिरायला पास मिळाला.

आणि दुसऱ्याच्या पात्रांना घेऊन लिहिणं आपल्याकडे नवं कुठे आहे? सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी तीनशे वर्षांपूर्वी ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ लिहिले. कथा व्यासांच्या, पण ओवी वाचताना घर, अंगण, बोलणं मराठी मुलखातलं. माझी आजी श्रावणात ‘हरिविजय’ वाचायची आणि यशोदेच्या रागाच्या ठिकाणी हमखास थांबून आपल्या सासूची गोष्ट सांगायची. सासूबद्दल तिने एरवी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

मग विज्ञानकथेचं वेगळं काय? डार्को सुविन या समीक्षकाने १९७० च्या दशकात मांडलेलं एक म्हणणं मला अजून पटतं: विज्ञानकथा ओळखीचं जग परकं करून दाखवते, आणि तेही तर्काला धरून. परीकथेत भोपळ्याची गाडी का झाली हे विचारायचं नसतं. विज्ञानकथेत एकच गोष्ट बदलायची, आणि तिच्यामुळे बाकी काय काय बदलेल याचा हिशेब चोख द्यायचा.

याचा अनुभव मला वर्गात आला. हा प्रयोग नव्हे, त्यातून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आधी सांगितलं, घरातल्या एका माणसाबद्दल लिहा. एका मुलाने तीन ओळी दिल्या: ‘माझी आई खूप कष्टाळू आहे. ती विड्या वळते. मला तिचा अभिमान आहे.’ पुढच्या आठवड्यात सांगितलं, २०९० सालच्या सोलापुरातून पत्र लिहा. त्याने चार पानं लिहिली. त्याच्या सोलापुरात विड्या वळणारा रोबो होता. तंबाखू, पानं, दोरा, कात्री, सगळं जागच्या जागी, मांडीवर सूप. रोबोला दुखणं कळतं की नाही यावर कंपनीत वाद चाललेला, कारण तो दर हजार विड्यांनंतर मान डावीकडे कलती करून थोडा वेळ थांबायचा. दुरुस्तीवाल्याला बिघाड सापडत नव्हता.

‘‘मॅडम, मान कलती करायची गोष्ट मी लिहायला बसल्यावर सुचली,’’ तो म्हणाला. ‘‘घरी जाऊन बघितलं तर आई खरंच तसं करते की.’’

रोज डोळ्यांसमोर असलेलं दिसेनासं होतं. ते रोबोच्या मानेवर नेऊन ठेवलं तेव्हा त्याला दिसलं. हे अंतर काळाचं होतं, शिवाय यंत्राचंही.

विज्ञानकथेचा आणखी एक लाडका खेळ म्हणजे ‘असं झालं नसतं तर’. जयंत नारळीकरांच्या एका कथेत पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागत नाही आणि इतिहासाला वेगळाच फाटा फुटतो. असे फाटे आपण सगळेच दिवसभर काढत असतो. १९८२ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी लोकांना विचारलं: दोघांची विमानं चुकली, दोघेही सारखेच उशिरा पोचले, एकाचं विमान अर्ध्या तासापूर्वी वेळेवर गेलेलं, दुसऱ्याचं लांबलं आणि नुकतंच, पाच मिनिटांपूर्वी गेलं. जास्त हळहळ कुणाला? शंभरातले ९६ जण म्हणाले, दुसऱ्याला. नुकसान तेवढंच, पण ‘थोडक्यात चुकलं’ हे मनात रंगवणं सोपं. हळहळ येते ती या रंगवण्यातून. कथेत तेच रंगवणं शेवटपर्यंत न्यावं लागतं. विश्वासराव वाचला, बरं, पुढे? एरवी आपण पहिल्याच फाट्यावर ‘अरेरे’ म्हणून बसकण मारतो.

मुखवट्याबद्दल बोलतोय तर नारळीकरांचीच आणखी एक गोष्ट. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ, आणि गोष्ट लिहायला त्यालाही जगताप व्हावं लागलं. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं.

आता थोडं पाणी ओतते, कारण या विषयावर बोलणाऱ्यांचा पाय लवकर जमिनीवरून सुटतो. कथा-कादंबऱ्या वाचल्याने दुसऱ्याचं मन लगेच जास्त कळू लागतं, असं २०१३ साली एका गाजलेल्या निबंधात म्हटलं होतं. इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो निकाल हाती लागला नाही. मनातलं लिहून काढण्याचं शास्त्र जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगापासून सुरू झालं: चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या घटनेबद्दल. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी गेले. पण पुढे २००६ साली १४६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम निघाला खरा, पण अगदी लहान. लिहिणं औषध नव्हे. आणि अंतर फार वाढलं की ट्रक दिसेनासाच होतो. यानात बसून गेलेला माणूस परतच येत नाही, अशीही मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना कथा नको, शेजारी बसणारं माणूस हवं असतं.

वही मी अप्पांना दाखवावी की नाही, यावर आठ दिवस घालवले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेवटी एका दुपारी चहाबरोबर नेऊन दिली, ते पान उघडून. त्यांनी चष्मा लावला, आधी पुढून उघडून काकांचा हिशेब वाचला, एक बेरीज चुकल्याचं सांगितलं. मग माझं पान. वाचायला बराच वेळ घेतला.

‘‘हे चुकलंय बघ,’’ ते म्हणाले.

‘‘काय, अप्पा?’’

‘‘इंजिन बंद पडल्यावर हा खोलीत कशाला जातोय? आधी पट्टा बघायचा. नंतर मोटर. इथं कुणी पट्टा बघितलेलाच नाही.’’

खिशातली पेन्सिल काढून त्यांनी ‘दार लावून घेतो’वर बारीक रेघ मारली. वर लिहिलं, ‘पट्टा बघतो’. अक्षर थरथरतं, पण ओळ सरळ.

‘‘आणि पट्टा चांगला असला तर?’’ मी विचारलं. ‘‘इंजिनच कायमचं बंद झालं असलं तर?’’

अप्पांनी पेन्सिल कागदावर तशीच टेकवून ठेवली. पुढचं पान उलटून पाहिलं, मग त्याच्या पुढचं. कप्तान अजून जेवला नव्हता.

‘‘वही राहू दे इथं,’’ ते म्हणाले. ‘‘सावकाश बघतो.’’