महासाथीतील सेवासातत्य नियोजन

वृद्धाश्रम, बालगृह, बेघरांचा निवारा, अन्नछत्र, वस्तीत घरोघर जाणारा आरोग्य गट अशा संस्थांनी साथ आल्यावर आपली माणसे सांभाळून काम कसे चालू ठेवायचे, याची आधीच लिहून ठेवलेली तजवीज. कारखान्याला टाळे लावता येते. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस बदलण्याचे काम मात्र दुपारवरही टाकता येत नाही. सगळी मांडणी या फरकातून येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. १८९७च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याजवळ हडपसर भागात दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा लागू झाला. सावित्रीबाईंच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, आणि तेवढ्यावरच थांबतो. सेवेकऱ्याला लागण होऊ नये म्हणून संस्थेने काय करायचे, हा प्रश्न मागे राहतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री ८ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री सुरू झाली. चार तासांत नियोजन होत नाही. कोठीची किल्ली गावी गेलेल्या कार्यकर्त्याकडे आणि लाभार्थ्यांचे फोन क्रमांक बंद कार्यालयातल्या कपाटात असतील, तर पीठ-डाळ असूनही घरात चूल पेटत नाही. म्हणून प्रत्येक कामाची माहिती किमान दोघांना हवी आणि यादीची कागदी प्रत दुसऱ्या घरात हवी. त्याआधी ठरवायचे ते काय थांबवायचे नाही हे. शिबिरे आणि शिवणवर्ग थांबू शकतात. जेवण, औषधे, निवासींची शुश्रूषा आणि घरात मार खाणाऱ्या बाईने फिरवलेला फोन थांबू शकत नाही.

पुष्कळदा सेवा तीच ठेवून तिची रीत बदलावी लागते. केंद्राच्या १५ एप्रिल २०२० च्या सूचनांत वृद्ध, मुले, दिव्यांग, निराधार यांच्या निवासी संस्था चालू ठेवण्यास मुभा होती. अंगणवाडीचा आहार दर १५ दिवसांनी घरपोच द्यायचा होता. महाराष्ट्रात शिवभोजन थाळीचा दर १० रुपयांवरून ५ रुपयांवर आला आणि बसून जेवण्याऐवजी पार्सल मिळू लागले.

निवासी संस्थेत धोका बाहेरून ये-जा करणाऱ्यांबरोबर शिरतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांचे दोन गट करून पाळीपाळीने आत मुक्कामी ठेवणे, वेगळी हवेशीर खोली राखून ठेवणे, मास्क आणि साबणाचा साठा हे सारे लागते. त्याहून मोलाची आहे आजारपणाची भरपगारी रजा. रोजंदारीवरच्या मावशींना एक खाडा परवडत नसेल, तर त्या ताप अंगावर काढून कामावर येणारच; त्यात दोष त्यांचा नाही.

पैशाची बाजू सर्वांत कच्ची राहते. देणगीदार रेशन किटला हात सैल सोडतात, पगाराला आखडता घेतात. त्यातच परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातील (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेच्या आधारावर वस्तीत काम करणाऱ्या लहान गटांना ही झळ जास्त बसली. तेव्हा किमान तीन महिन्यांच्या पगाराची गंगाजळी वेगळी काढणे हा नियोजनाचाच भाग मानायला हवा.