पाहून शिकलेली मारामारी : वादाची पार्श्वभूमी

हाणामारी बघून मूल हाणामारी शिकतं, हे आज कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण १९६० पूर्वीच्या मानसशास्त्रात या विचाराला फारशी जागा नव्हती. आक्रमकता उपजतच असते, असं एक मत. मनासारखं झालं नाही की माणूस चिडून हात उगारतो, हे दुसरं. ते १९३९ मध्ये अमेरिकेत मांडलं गेलं. १९४१ मध्ये अनुकरणावर एक पुस्तक आलं खरं, पण नक्कल करणाऱ्याला काही ना काही बक्षीस मिळालं तरच नक्कल टिकते, ही अट त्यातही होतीच. जोडीला, दुसऱ्यांची मारामारी पाहिली की आपल्या मनातला राग निवळतो, अशी जुनी समजूत होती.

१९६१ चा बोबो बाहुलीचा प्रयोग, म्हणजे मोठ्या माणसाला एका फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहून मुलांनीही तसंच केलं तो, पाठ्यपुस्तकांतून इतकेदा आला आहे की तो पुन्हा तपशिलात सांगत बसत नाही. माझ्या मते त्यातल्या ७२ मुलांपेक्षा १९६५ च्या प्रयोगातली ६६ मुलं जास्त महत्त्वाची. या मुलांना पडद्यावर एक मोठा माणूस बाहुलीला बदडताना दाखवला. शेवट मात्र तीन प्रकारचे होते. एका गटाला त्या माणसाचं कौतुक होऊन त्याला खाऊ मिळताना दिसला. दुसऱ्या गटाला त्याच्यावर बोट रोखून कुणी रागावताना आणि गुंडाळलेल्या मासिकाचे फटके देताना दिसलं (मारू नये हे शिकवायला मारच!). तिसऱ्या गटाला पुढे काहीच दाखवलं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली, इथवर अपेक्षेप्रमाणेच. मग संशोधकांनी सगळ्यांना फळांचा रस आणि चित्रांचे स्टिकर देऊ केले : त्या माणसानं काय काय केलं ते करून दाखव. गटागटांतला फरक जवळजवळ पुसला गेला. मुलग्यांच्या मागे असलेल्या मुलीही जवळपास त्यांच्या बरोबरीला आल्या. म्हणजे शिकली सगळीच होती, करून दाखवणं तेवढं काहींनी राखून ठेवलं होतं.

आक्षेपही लगेच आले. ही बाहुली मुळात ठोसे खाण्यासाठीच बनवलेली. तिला मारणं ही आक्रमकता की निव्वळ खेळ? अशी बाहुली आधी कधी न पाहिलेली मुलं जास्त नक्कल करतात, असंही पुढे दिसलं. आक्षेपात दम आहे. पण शिकणं आणि करणं वेगळं, हा मुद्दा त्यानं ढासळत नाही.

तो मुद्दा हरवला राजकारणात. १९६९ मध्ये अमेरिकेच्या एका सिनेटरनं, टीव्हीवरच्या हिंसेचा मुलांवर काय परिणाम होतो याची सरकारी चौकशी मागितली. सार्वजनिक आरोग्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं १२ जणांची समिती नेमायची ठरवली. नेमण्याआधी संभाव्य तज्ज्ञांची यादी वाहिन्यांकडे आणि त्यांच्या संघटनेकडे गेली : यांतलं कुणी नको असेल तर कळवा. सात नावं कापली गेली. त्यांत बाहुलीचे प्रयोग करणारा संशोधकही होता. जी समिती बसली तिच्यातल्या पाच जणांचे वाहिन्यांशी आजी किंवा माजी लागेबांधे होते.

हे १९७० मध्ये बाहेर फुटलं. बचाव असा झाला, की धूम्रपानाच्या दुष्परिणामांच्या आधीच्या सरकारी चौकशीवेळीही तंबाखूवाल्यांना नावं दाखवली होती. ते खरंच आहे. फरक एवढाच, की तिथे विडी-सिगारेटवाल्यांची माणसं समितीत बसवली नव्हती. इथे ज्यांच्या मालाची तपासणी करायची त्यांनाच तपासनीस निवडायला सांगितले, आणि वर खुर्च्याही दिल्या. समितीचं काम प्रामाणिक झालं असेलही, पण अहवालाच्या प्रत्येक वाक्याकडे लोक संशयानं पाहणार हे त्याच दिवशी ठरलं.

जानेवारी १९७२ मध्ये अहवाल आला. त्याची भाषा इतकी जपून, की हिंसक दृश्यांचा परिणाम दिसतो, पण काही मुलांवर, आणि तीही आधीच आक्रमकतेकडे झुकलेली असली तर. एका मोठ्या वर्तमानपत्रानं मथळा दिला, की टीव्हीवरची हिंसा मुलांना अपायकारक नाही. मार्चमध्ये सिनेटपुढे, तोवर त्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याच्या पदावर आलेल्या दुसऱ्या माणसानं सांगितलं, की पाऊल उचलायला पुरावा पुरेसा आहे. एकाच अहवालाचे हे दोन अर्थ. आणि त्या ओढाताणीत प्रश्न आक्रसून ‘टीव्ही मुलांना हिंसक बनवतो, हो की नाही?’ एवढाच उरला.

पुढे टीव्हीच्या जागी व्हिडिओ गेम आले, प्रश्न तोच. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, असं बहुमताचं म्हणणं. २०२० मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं स्पष्टीकरण दिलं : ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी गेमचा थोडा संबंध दिसतो, जीवघेण्या हिंसेशी जोडण्याइतका पुरावा नाही.

या गदारोळात संशोधनाच्या दुसऱ्या एका धारेकडे फार कमी लक्ष गेलं. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या संशोधकांनी निरीक्षक थेट घराघरांत बसवले. मूल आरडाओरडा करतं, आईबाप वैतागून माघार घेतात, मुलाला हवं ते मिळतं. पुढच्या वेळी आवाज आणखी वर. इथे मूल नुसतं पाहत नव्हतं, दांडगाई कामाला येते याचा अनुभवही घेत होतं. यातूनच आईबापांना प्रशिक्षण देण्याचे कार्यक्रम उभे राहिले आणि ते आजही चालतात.