मधमाश्या, दुर्गुण आणि गाळलेलं क्रियापद

मधमाश्यांच्या पोळ्याची गोष्ट बहुतेकांना माहितीये, लबाड माश्या एका रात्रीत प्रामाणिक झाल्या आणि सगळे धंदे बसले, त्यामुळे ती परत सांगत नाही. 1705 मध्ये लंडनमधल्या बर्नार्ड मँडेव्हिल या डच डॉक्टरने ही गोष्ट सांगणारी कविता सहा पेनीला काढली, लगेच तिच्या चोरट्या प्रती अर्ध्या पेनीला रस्त्यावर ओरडून विकल्या जायला लागल्या. 1714 मध्ये तिला टिपा जोडून 'फेबल ऑफ द बीज' हे पुस्तक झालं. तेव्हाही फारसं कोणी चिडलं नाही.

बोंबाबोंब झाली ती 1723 च्या आवृत्तीवर. त्यात त्याने धर्मादाय शाळांवर लिहिलं, की देणगीदार दयेपोटी नाही तर मिरवायला पैसे देतात, आणि गरिबांची पोरं शिकली तर अंगमेहनत कोण करणार. (हा दुसरा मुद्दा आज वाचवत नाही, त्याचे चाहते तो हळूच वगळतात.) मिडलसेक्सच्या ज्युरीने पुस्तक समाजाला उपद्रव ठरवलं. माझ्या मते राग माश्यांचा नव्हताच, देणगीदारांना आरसा दाखवला त्याचा होता.

पण खरा गुंता 'दुर्गुण' या शब्दात आहे. मराठीत आपण व्यसन, पाप, अवगुण, खोड असं वेगवेगळं म्हणतो, त्याच्या 'व्हाइस' या इंग्रजी शब्दात यातलं बरंच एकत्र कोंबलंय. त्यात सद्गुणाची अट इतकी कडक, की स्वतःच्या ओढीविरुद्ध जाऊन, विचार करून केलेलं असेल तरच तो सद्गुण. आगीत पडणाऱ्या तान्ह्या बाळाला वाचवलं तरी त्यात पुण्य नाही म्हणे, कारण ते पडलेलं बघवलं नसतं म्हणून आपण हात पुढे केला, म्हणजे स्वतःचाच त्रास टाळला! चैनीचंही तेच, जगायला अगदी लागतं तेवढं सोडून बाकी सगळी चैन. आता एवढी बारीक चाळणी लावल्यावर सगळी बाजारपेठ दुर्गुणांवर चालते हे सिद्ध करायला कष्ट कसले? 1759 मध्ये एका स्कॉटिश प्राध्यापकाने नेमकं इथेच पकडलं, की जी भावना थोडीफार वाईट असू शकते ती हा माणूस पूर्णच वाईट धरतो.

दुसरा वाद उपशीर्षकाचा, 'खासगी दुर्गुण, सार्वजनिक फायदे'. लोकांनी याचा अर्थ लावला की खुशाल वाईट वागा, भलं आपोआप होईल. पण 1723 च्याच आवृत्तीत शेवटी तो लिहितो, कुशल राजकारण्याने हुशारीने हाताळलं तर दुर्गुणांचे फायदे करता येतात. हे 'हाताळलं तर' सोयीने गळतं. 1732 मध्ये एका पाद्र्याला उत्तर देताना त्याने स्वतःच सांगितलं की त्या शब्दांत निदान एक क्रियापद तरी कमी आहे, अर्थ पुरा होत नाही. पुढच्या वर्षी जानेवारीत तो वारला.

मग ज्याने त्याने आपापलं क्रियापद घातलं. 1936 मध्ये महामंदीवर लिहिणाऱ्या एका इंग्रज अर्थतज्ज्ञाने त्याच्या ओळी उद्धृत केल्या, कारण सगळेच काटकसरीला लागले तर धंदा मरतो हे त्याला त्यात सापडलं. 1953 मध्ये ते 1732 चं उत्तर पुन्हा छापलं गेलं आणि प्रस्तावनाकाराने ठासून सांगितलं की इथे सरकारचा हस्तक्षेप गृहीत आहे, मोकळा बाजार नाही. 1966 मध्ये लंडनमधल्या एका व्याख्यानात बरोबर उलटं, की कोणी न आखता व्यवस्था आपोआप घडते हे पहिल्यांदा याच डॉक्टरला उमगलं.