हार्टवाल्यांना बेडवरून उठवलं कुणी?

हार्ट अटॅक आला की कित्येक आठवडे बेडवर नुसतं पडून राहायचं, घास पण दुसऱ्याने भरवायचा, ही 1950 च्या आसपासपर्यंतची नॉर्मल ट्रीटमेंट. स्नायू दुखावलाय तर त्याला आराम द्या, ऐकायला बरोबरच वाटतं, पण असं पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुफ्फुसात जायच्या आणि काही पेशंट त्यानेच दगावायचे. 1952 च्या सुमारास बोस्टनमधे लेविन आणि लाउन या डॉक्टरांनी पेशंटला फक्त खुर्चीत बसवायला घेतलं तर तेवढ्यालाही हॉस्पिटलमधे विरोध झाला, चालवणं तर लांबच. आणि अंजायनाचं, म्हणजे हार्टला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं, पहिलं नीट वर्णन करणाऱ्या हेबर्डन या डॉक्टरने 18व्या शतकातच एका पेशंटबद्दल लिहून ठेवलंय की तो रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचा आणि जवळपास बरा झाला, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

खरी कलाटणी मिळाली ती लंडनच्या डबलडेकर बसमुळे, आणि मला हा भाग जाम आवडतो. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने बघितलं की ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच डेपोतले, फरक एवढाच की एक शिफ्टभर बसून आणि दुसरा तिकिटं फाडत जिना वर-खाली, दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या सहज. 1953 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आकडे आले, कंडक्टरना हार्टचा आजार कमी, आणि झाला तरी त्यात मरायचं प्रमाण कमी. लोक म्हणाले ड्रायव्हर आधीपासूनच जाडे असतील, तर या माणसाने युनिफॉर्मच्या पँटचे कमरेचे माप काढले! ड्रायव्हरच्या कमरा मोठ्या निघाल्या खऱ्या, पण कंडक्टर बारीक असो की पोटवाला, त्याला धोका कमीच.

मग 1966 ला डॅलसमधे पाच तरुण पोरांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं तर त्यांची ऑक्सिजन वापरायची कॅपॅसिटी पाव हिश्शाहून जास्त घसरली, ट्रेनिंग दिल्यावर परत चढली. 1968 ला केनेथ कूपर या डॉक्टरचं पुस्तक आलं आणि एरोबिक्स हा शब्द घराघरात गेला.

बीपीचं मात्र जरा उशिरा उलगडलं. व्यायाम करताना वरचा आकडा चांगलाच चढतो, त्यामुळे बीपीवाल्यांना पळवायचं म्हटलं की भीती वाटायची, ती अगदीच चुकीची नव्हती, खूप जास्त बीपी असेल तर आजही आधी गोळ्यांनी खाली आणतात. पण व्यायाम संपल्यावर बीपी काही तास नेहमीपेक्षा खाली राहतं, आणि रेग्युलर केलं तर हाय बीपीवाल्यांचा वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरतो. रक्त जोरात वाहिलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि नळी सैल पडते, या रेणूचं शरीरातलं हे काम शोधल्याबद्दल 1998 चं नोबेल मिळालं. आता डब्ल्यूएचओ आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, फक्त याचा साठा होत नाही, सोडला की काही आठवड्यांत बीपी परत मूळपदावर.